नाणे नाकारण्याची सवय

नाण्यांचा संग्रह करणाऱ्या माणसाला भेटणारे लोक बहुधा पहिला प्रश्न संख्येचा विचारतात. प्रश्नात वावगे काही नाही. पण माझ्या बाबतीत त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत वाढण्याऐवजी कमी होत गेले आहे आणि त्याबद्दल मला समाधानच वाटते. हाती येईल ते नाणे ठेवून घेण्याचा एक काळ जवळजवळ प्रत्येक संग्राहकाच्या वाट्याला येतो आणि तो यावाही, कारण शेकडो सामान्य नाणी हाताळल्याशिवाय असामान्य नाणे ओळखता येत नाही. मात्र त्या काळातून बाहेर पडल्यावर काय घ्यायचे यापेक्षा काय घ्यायचे नाही हे ठरवण्यात अधिक वेळ जाऊ लागतो. चांगला संग्रह हा मुख्यतः नकारांतून घडतो असे माझे मत आहे, आणि नकार देता येण्यासाठी ते नाणे जास्तीत जास्त किती चांगले मिळू शकते याचे चित्र डोळ्यांत पक्के असावे लागते. हे चित्र तयार व्हायलाच वेळ लागतो. केवळ ऐपत बेताची आहे म्हणून सावकाश संग्रह करणे आणि नजर तयार व्हावी म्हणून सावकाश संग्रह करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नाणकशास्त्राच्या इतिहासात या फरकाचे एक ठळक उदाहरण आहे. इजिप्तचा राजा फारूक १९५२ साली पदच्युत झाला आणि नव्या सरकारने त्याचा संग्रह १९५४ च्या सुरुवातीला कैरो येथे लिलावात काढला. केवळ सोन्याची नाणी आणि पदकेच सुमारे ८,५०० होती. अमेरिकेचा वीस डॉलरचा १९३३ चा सुप्रसिद्ध सोन्याचा सिक्काही त्यात होता, पण तो अमेरिकी सरकारच्या आक्षेपामुळे विक्रीतून काढून घेण्यात आला. फारूककडे पैसा अमर्याद होता, विक्रेते त्याच्या दारी येत आणि तो खरेदीही भरभरून करी. परंतु त्याच्याकडील बरीच नाणी घासूनपुसून लखलखीत केलेली होती, काहींवर लाखेसारखा थर दिलेला होता, आणि ज्या नाण्यांवर टांकसाळीतील मूळ कांती शिल्लक असती तर ती आज अजोड ठरली असती, त्यांच्या बाबतीत जाणकारांना आजही हळहळ करावी लागते.

त्याच लिलावाला जॉन जे पिटमन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ हजर होता. तो ईस्टमन कोडॅक कंपनीत नोकरी करणारा केमिकल इंजिनिअर होता, आणि या प्रवासासाठी व खरेदीसाठी त्याने आपले घर गहाण टाकले होते. पिटमनने सुमारे अर्धशतक संग्रह केला. त्याच्यापाशी संपत्ती नव्हती, पण इतरांना न दिसणारे नाणे ओळखण्याचे ज्ञान होते. एका लॉटमध्ये अनेक नाणी एकत्र ठेवलेली असत तेव्हा त्यांतील एकच नाणे अव्वल आहे हे त्याला कळत असे. १९९६ साली त्याच्या मृत्यूनंतर त्या संग्रहाचे लिलाव काही वर्षे टप्प्याटप्प्याने चालले आणि जाणकारांनी तो अमेरिकेतील सर्वोत्तम खासगी संग्रहांत गणला. घर गहाण टाकण्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही. पण राजाने गोळा केले आणि नोकरदाराने निवडले, हे त्या लिलावाने उघड केले.

दुसरे उदाहरण क्लॅप पिता-पुत्रांचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जेव्हा बहुतेक अमेरिकन संग्राहक नाण्यावर कोणत्या टांकसाळीची खूण आहे याकडे लक्षही देत नसत, तेव्हा जॉन क्लॅप यांनी निरनिराळ्या टांकसाळींकडून नवी नाणी थेट मागवायला सुरुवात केली. म्हणजे दर्शनी किमतीत त्यांना व्यवहारात कधीही न गेलेली, साच्यातून नुकतीच निघालेली नाणी मिळत गेली. पुढे १९४२ साली लुई एलियासबर्ग यांनी हा संपूर्ण संग्रह विकत घेतला आणि १९५० मध्ये अमेरिकेच्या नाण्यांचे प्रत्येक साल आणि प्रत्येक टांकसाळ पूर्ण केल्याचा मान मिळवला. कौतुक एलियासबर्ग यांचे होते आणि ते योग्यही आहे. पण त्या संग्रहातील कित्येक नाण्यांची जी ताजी कळा वाखाणली गेली तिचे श्रेय ती नाणी आल्या दिवसापासून जपून ठेवणाऱ्या क्लॅप यांच्याकडे जाते.

आता दर्जा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न. नवख्या माणसाला दर्जा म्हणजे झीज कमी असणे एवढेच वाटते. वास्तविक यात किमान तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: नाणे व्यवहारात किती झिजले, मुळात छाप किती नीट पडली होती, आणि पृष्ठभाग मूळचा आहे की नंतर कोणी त्याच्याशी खेळले आहे. माझ्या दृष्टीने तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पहिल्या दोन गोष्टी नाण्याच्या आयुष्याचा भाग आहेत, तर तिसरीत बिघाड झाला असेल तर तो कोणाच्या तरी हौसेचा किंवा लबाडीचा परिणाम असतो आणि तो कधीही भरून येत नाही.

यंत्राने पाडलेल्या नाण्याची चकाकी कशी तयार होते हे समजले की हा मुद्दा आपोआप स्पष्ट होतो. दोन साच्यांमध्ये धातूची चकती दाबली जाते तेव्हा धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि साच्याच्या पृष्ठभागावर, तसाच नाण्यावरही, अतिशय सूक्ष्म रेषा उमटतात. या रेषांवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून नाणे हातात हळूहळू कलते केले की प्रकाशाचे दोन पट्टे मध्यबिंदूभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतात. खरी चकाकी फिरते. पॉलिश केलेल्या नाण्याची चमक मात्र फिरत नाही. ते एकाच वेळी सर्व बाजूंनी सारखे चमकते आणि किंचित कलते केले की एकदम काळवंडते. आम्लाच्या द्रावणात बुडवून स्वच्छ केलेल्या चांदीच्या नाण्यावर हे फिरणे काही प्रमाणात टिकते, पण प्रत्येक बुडवणीत धातूचा अत्यल्प थर जातो, रेषा बोथट होतात, आणि दोन-चार वेळा हा उपचार झालेले नाणे पांढरेशुभ्र असूनही मेलेले दिसते.

हे पाहण्यासाठी फारशी सामग्री लागत नाही. खोलीतील बाकीचे दिवे बंद करून एकच टेबल लॅम्प ठेवावा, नाणे कडेला धरावे, आणि आधी नुसत्या डोळ्यांनी पाहावे. ट्यूबलाइटचा पसरट प्रकाश यासाठी कुचकामाचा आहे, कारण त्यात बारीक ओरखडे लपतात. नंतर पाचपट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. दहापटीचे भिंग नाणे खरे की खोटे हे तपासताना उपयोगी पडते, पण दर्जा ठरवताना त्याने प्रत्येक नाणे रणांगणासारखे दिसू लागते आणि मन उगाच खट्टू होते. कापडाने पुसलेल्या नाण्याच्या मोकळ्या भागावर एकाच दिशेने जाणाऱ्या केसाएवढ्या रेषांचा जथा दिसतो. त्या रेषा अक्षरांच्या अगदी पायाशी पोहोचत नाहीत, कारण कापड तिथवर जात नाही. म्हणून अक्षरांच्या कडेने मूळच्या पृष्ठभागाची एक अरुंद, किंचित गडद किनार शिल्लक राहते. ही किनार एकदा नीट पाहिली की पुढे भिंगाशिवायही पुसलेले नाणे ओळखू येऊ लागते.

छाप आणि झीज यांतला फरक याहून नाजूक आहे. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. त्यावरील स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस आणि मागील बाजूच्या गरुडाची छाती हे सर्वांत उंच भाग. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतील कित्येक डॉलरांवर नेमके हेच भाग सपाट दिसतात, आणि ते झिजलेले नसून साच्यांचा दाब कमी पडल्यामुळे तसे जन्मले आहेत. उलट सॅन फ्रान्सिस्कोचे १८८१ चे डॉलर ठसठशीत छापीसाठी नावाजलेले आहेत. ओळखायचे कसे? जिथे दाब कमी पडला तिथे चकतीचा मूळ खडबडीतपणा आणि त्यासोबत थोडी चमकही टिकून असते. जिथे बोटांनी झीज झाली तिथे रंग बदलतो आणि भाग निस्तेज राखाडी होतो. कॅटलॉगमध्ये ही दोन्ही नाणी एकाच श्रेणीत असू शकतात. माझ्या संग्रहात मात्र किंचित झिजलेले पण पूर्ण छापीचे नाणे कोऱ्या पण सपाट नाण्याच्या आधी येते. सगळ्यांना हे पटत नाही, हे मला ठाऊक आहे.

रंगाविषयीही थोडे. चांदीवर हवेतील गंधकामुळे सल्फाइडचा पातळ थर चढतो आणि त्याची जाडी वाढत जाईल तसे रंग बदलतात: आधी पिवळसर सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, आणि पुढे गडद. जुन्या कागदी पाकिटात वर्षानुवर्षे राहिलेल्या नाण्यावर हे रंग कडेपासून मध्याकडे क्रमाने उतरत येतात. रासायनिक उपचाराने चढवलेल्या रंगांत हा क्रम अनेकदा मोडलेला असतो आणि रंग धातूत मुरल्यासारखा न दिसता वर तरंगल्यासारखा दिसतो. तांब्याचे गणित याहून कठोर आहे. टांकसाळीतून आलेला लालसर रंग एकदा तपकिरी झाला की तो परत आणता येत नाही, आणि ओलसर बोटाचा ठसा काही काळाने कायमचा उमटतो. म्हणून तांब्याच्या बाबतीत मी एकसारखा, शांत तपकिरी रंग पसंत करतो. अर्धवट लाल नाणे आज कितीही मोहक दिसले तरी त्याचा बदल संपलेला नसतो.

दर्जाला आकड्यात बसवण्याची आजची पद्धत विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने १९४९ साली सुरुवातीच्या अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. तिच्यामागचा विचार आज वाचताना गंमत वाटते: अगदी गुळगुळीत नाण्याची जी किंमत तिच्या सत्तरपट किंमत निर्दोष नाण्याची, म्हणून सर्वोच्च आकडा ७०. बाजारभावाचे हे गणित फार काळ टिकले नाही, पण आकडे टिकले आणि पुढे सर्वच नाण्यांना लावले गेले. ६० पासून वरचे आकडे व्यवहारात न गेलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था सुरू झाल्या, आणि नाणे तपासून, श्रेणी देऊन, पारदर्शक कवचात बंद करण्याचा व्यवसाय उभा राहिला.

या संस्थांमुळे बनावट नाण्यांचा धोका बराच कमी झाला, हे निर्विवाद. पण आकडा हा नाण्याचा सारांश असतो आणि सारांशात बरेच काही गळते. ६४ क्रमांकाच्या दोन नाण्यांपैकी एकावर सर्व लहान ओरखडे केसांच्या वळणांत लपलेले असू शकतात, आणि दुसऱ्यावर एकच पण ठळक खरचटा राजाच्या गालावर मधोमध असू शकतो. श्रेणी एक, किंमतही जवळपास एक. परंतु पहिले नाणे मी आनंदाने ठेवीन आणि दुसरे फुकट मिळाले तरी मला रोज खटकत राहील. त्यातच वरच्या टोकाला एकेका आकड्यासाठी किंमत अनेकपटींनी चढते. ज्या ठिकाणी डोळ्याला फरक दिसणे थांबते त्या ठिकाणी मी पैसे देणेही थांबवतो. कवचातील नाणे घेताना लेबल अंगठ्याने झाकून आधी आपली श्रेणी मनात ठरवावी आणि मग अंगठा काढावा, ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

हाताने पाडलेल्या नाण्यांकडे वळले की हे सगळे निकष बदलतात. अथेन्सचे चार द्राक्माचे (द्राक्मा हे प्राचीन ग्रीक चलन) घुबडाचे नाणे घ्या. त्याचे वजन साधारण १७.२ ग्रॅम, चांदी उत्तम, पण चकती साच्याच्या मानाने लहान आणि ठसा हातोड्याने मारलेला; त्यामुळे अथेना देवीच्या शिरस्त्राणावरचा तुरा बहुतेक नाण्यांवर बाहेरच राहून गेलेला असतो. इथे झीज किती यापेक्षा ठसा कुठे बसला, कोरणाऱ्या कारागिराचा हात कसा होता आणि पृष्ठभाग मातीने कितपत खाल्ला, हे प्रश्न मोठे ठरतात. एनजीसी प्राचीन नाण्यांसाठी छाप आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगवेगळे गुण देते, ते याच कारणाने.

मुघल रुपयांत आणि शिवराईतही हीच अडचण आहे. साचा मोठा, चकती लहान, म्हणून संपूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. रुपयावर टांकसाळीचे नाव आणि साल दोन्ही मिळाले तर ते नाणे थोडे झिजलेले असले तरी घ्यावे. शिवराईच्या बाबतीत एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ ही अक्षरे जितकी पूर्ण तितके नाणे वरचे. अनेक चांदीच्या रुपयांवर सराफांनी पारख करताना मारलेल्या लहान खुणा दिसतात. काही संग्राहक अशी नाणी सरळ बाजूला सारतात. मला कडेला किंवा मोकळ्या जागेत असलेली सराफी खूण चालते, कारण ती त्या नाण्याच्या व्यवहारातील आयुष्याचीच नोंद आहे. ती नेमकी बादशहाच्या नावावर बसली असेल तर मात्र मी दुसऱ्या नाण्याची वाट पाहतो.

खरेपणाची तपासणी दर्जाच्या आधी येते, हे सांगायला नको. त्यासाठी शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे. ओतीव नकलेची अक्षरे मऊ दिसतात, मोकळ्या जागेत बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे असतात आणि कडेवर दोन अर्ध्या साच्यांचा सांधा किंवा तो घासून काढल्याची खूण सापडते. साच्याने पाडलेल्या नकला अधिक फसव्या असतात, पण त्यांचा एक स्वभावदोष आहे. नकली साचा एखाद्या खऱ्या नाण्यावरून तयार केला जातो आणि त्या खऱ्या नाण्यावरचे ओरखडे साच्यातही उतरतात. मग त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच ओरखडा त्याच जागी येतो. दोन निरनिराळ्या विक्रेत्यांकडच्या नाण्यांवर हनुवटीखाली अगदी सारखाच चंद्राकृती खळगा दिसला, तर दोन्ही नाण्यांना हात न लावणे श्रेयस्कर. लिलावांची जुनी छायाचित्रे शांतपणे पाहत बसण्याचा हा एक मोठा फायदा आहे.

नाण्यावरचे साल हा पुरावा मानण्यातही धोका आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली आणि तिचा थेलर, म्हणजे चांदीचे मोठे नाणे, त्यानंतरही १७८० हेच साल घालून पाडला जात राहिला. व्हिएन्नाखेरीज लंडन, पॅरिस, रोम आणि मुंबई येथेही तो पाडला गेला. वजन २८.०७ ग्रॅम, चांदी ८३.३ टक्के, सगळे जागच्या जागी. फक्त नाणे अठराव्या शतकातील नसते. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या रुपयाची गोष्टही अशीच आहे. ११.६६ ग्रॅम वजनाचा हा रुपया १८७४ पर्यंत तेच साल कायम ठेवून पाडला गेला आणि मुंबईच्या टांकसाळीने पुढील वर्षे बारीक ठिपक्यांनी दर्शवली. ठिपके मोजता येतील इतकी मागील बाजू स्वच्छ असणे हा त्या रुपयाच्या दर्जाचा खास निकष, जो इतर कोणत्याही नाण्याला लागू होत नाही. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या अंगावरील हत्तीची आकृती डुकरासारखी दिसते अशी ओरड झाली आणि पुढील वर्षीपासून हत्ती नव्याने कोरला गेला. ती सोंड स्पष्ट दिसणारा नंतरच्या सालचा रुपया शोधणे हा वेळ घालवण्याचा एक उत्तम मार्ग आहे.

अशा तपशिलांमुळेच विषय लहान निवडावा लागतो. जगातील सर्व नाण्यांचे निकष कोणालाच तोंडपाठ होत नाहीत. एखादी राजवट, एखादी टांकसाळ, एखादे मूल्य किंवा प्रत्येक प्रकाराचे एकच नाणे अशी मर्यादा घालून घेतली की वर्षभरात त्या विषयाची नजर बऱ्यापैकी बसते. प्रत्येक साल पूर्ण करण्याचा हट्ट मला मानवत नाही, कारण संग्रहातील उरलेल्या शेवटच्या तीन रिकाम्या जागा भरण्याच्या घाईत माणूस स्वतःच घातलेल्या अटी मोडतो. प्रकारानुसार संग्रह करणाऱ्याला ती घाई नसते. त्याला कोणतेही साल चालते, म्हणून तो नाण्याच्या रूपाकडे पाहू शकतो. खरेदीपूर्वी मी ब्रिटिश म्युझियम आणि १८५८ साली स्थापन झालेली अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी यांच्या संगणकीय नोंदी पाहतो आणि त्या प्रकाराची शक्य तितकी नाणी डोळ्यांखालून घालतो. पाहिलेल्या नाण्यांची संख्या घेतलेल्या नाण्यांच्या कित्येक पट असावी लागते.

आधीचे नाणे काढून त्याच प्रकाराचे अधिक चांगले घ्यावे का, यावर संग्राहकांत सतत वाद होतो. प्रत्येक अदलाबदलीत विक्रेत्याचा वाटा जातो, त्यामुळे पायरी-पायरीने वर चढणे हा सर्वांत महाग मार्ग ठरतो. नवे नाणे जुन्याच्या शेजारी ठेवल्यावर भिंगाशिवाय, दिव्याच्या उजेडात, हातभर अंतरावरून फरक दिसला तरच मी अदलाबदल करतो. याला अपवाद एकच: एखाद्या नाण्याबरोबर त्याच्या आधीच्या मालकाची चिठ्ठी आलेली असेल तर ते नाणे मी सहसा हलवत नाही. जुन्या संग्राहकांच्या हस्ताक्षरातील चौकोनी किंवा गोल चिठ्ठ्या, जुने लिलाव क्रमांक, खरेदीची तारीख यांमुळे नाणे कोणत्या हातांतून आले हे कळते, आणि प्राचीन नाण्यांच्या बाबतीत तर कायदेशीर वाटेने आल्याचा तोच आधार असतो. चिठ्ठी नाण्यापासून वेगळी झाली की दोघांचीही किंमत घटते.

जतनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात मतभेदाला फार जागा नाही. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत; त्यांतील रसायने कालांतराने सुटतात आणि नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो, तो वेळीच लक्षात आला तर शुद्ध ॲसिटोनने काढता येतो, उशीर झाला तर धातू खाल्ला जातो. पॉलिएस्टरची कडक पाकिटे किंवा बंद कॅप्सूल बरी. पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरची पिन सपाट दाबून घ्यावी, नाहीतर ती शेजारच्या नाण्यावर ओरखडा काढते. ओक लाकडाच्या खणांतून आम्लाच्या वाफा निघतात, रबर आणि लोकरीत गंधक असते. दमट हवेत सिलिका जेल ठेवावे, विशेषतः जमिनीतून निघालेल्या काशाच्या नाण्यांजवळ, कारण क्लोराइडमुळे त्यांवर फिकट हिरवी भुकटी फुटू लागली की ते नाणे आतून पोखरले जात आहे असे समजावे. जुन्या लाकडी कपाटांतील उघड्या खणांत नाणी मागेपुढे सरकून उंच भागांवर हलकी झीज होत असे आणि जाणकार तिला आजही व्यवहारातल्या झिजेपासून वेगळी ओळखतात. आणि नाणे धुऊ नये. या एका वाक्याचे पालन झाले असते तर जगातील संग्रहालये आज अधिक श्रीमंत असती.

मी खरेदीची नोंदवही ठेवतो, पण तिच्यापेक्षा जाड वही न घेतलेल्या नाण्यांची आहे. नाणे कोणते, कुठे पाहिले, वजन काय होते आणि का घेतले नाही, एवढेच तिच्यात असते. काही पानांनंतर आपल्याच नकारांत एक सूत्र दिसू लागते. माझ्या वहीत ‘पुसलेले’ हे कारण सर्वांत जास्त वेळा येते, त्यानंतर ‘गालावर खरचटा’, आणि बऱ्याच खाली ‘महाग’. तीच जात पुन्हा समोर आली की जुनी नोंद काढून पाहता येते आणि क्षणिक मोहाला उत्तर देण्यासाठी आपल्याच अक्षरातला पुरावा हाताशी असतो. अलीकडची नोंद अथेन्सच्या घुबडाची आहे. वजन १७.१५ ग्रॅम, शिरस्त्राणाचा तुरा जवळजवळ पूर्ण, अथेनाचे नाक शाबूत. पण आतमध्ये तांबे तर नाही ना हे पाहण्यासाठी कोण्या प्राचीन व्यापाऱ्याने मारलेला छिन्नीचा घाव नेमका घुबडाच्या दोन्ही डोळ्यांमधून गेलेला. सांगितलेली किंमत रास्त होती, म्हणून कारण नेहमीपेक्षा एक ओळ अधिक लिहावे लागले.